लग्नाच्या बायोडाटावर मिळालेली बढती

सोलापूर, मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. टॉवेलच्या गठ्ठ्यांची दुसरी मोजणी संपवून, त्यांतल्याच एकावर बसून लिहीत आहे.

तीर्थस्वरूप सिदूमामांना अजिनाथचा नमस्कार. मामींचा गुडघा आणि मंद्रूपची मेंढरे, दोन्हींची खुशाली कळवावी.

आमच्या मालकांनी पुण्याहून सल्लागार बाई आणल्या होत्या. त्यांचे म्हणणे, स्वस्त माल विकायचा तर त्या खात्यावर काटकसरी माणूस हवा. नवनवी डिझाईन काढायची तर धाडसी. म्हणून प्रत्येकाने दुपारपर्यंत बायोडाटा द्यायचा. माझ्या पिशवीत एकच होता, तुम्ही लग्नासाठी लिहिलेला. तोच दिला. (राशीची ओळ खोडली होती.) त्यात तुम्ही "साहसी, दिलदार, प्रवासाची आवड" असे लिहिले आहे. मामा, मी कुर्डुवाडीपलीकडे गेलेलो नाही. "अपेक्षा: मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारी" हे वाचून तर बाई म्हणाल्या, याला माणसे जोडण्याची दृष्टी आहे! मला नव्या चादरींचा प्रमुख केले. आमच्या संगमेशने कंटाळून दोनच ओळी लिहिल्या होत्या. शब्दसुद्धा जपून वापरतो म्हणून त्याला स्वस्त टॉवेलांवर बसवले.

महिनाभरात मी एक नवे डिझाईन काढले. दोन बोटांचा काठ अडीच बोटे केला. (तीनदा मोजून.) तिकडे संगमेशने हॉटेलच्या साध्या पांढऱ्या टॉवेलांवर मोर काढले. चारशे टॉवेल परत आले. मालक त्याला म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नगंस." घरी त्याची आई पार्वतम्मा आजारी असते, हे मला ठाऊक होते.

मग मी मालकांसमोर जाऊन, तो बायोडाटा लग्नाचा होता आणि तुम्ही लिहिलेला होता, हे सगळे सांगितले. (दोनदा दारातून परत फिरून.) ते म्हणाले, "आरं, मोर काढणारा टॉवेलवर आन् टॉवेल मोजणारा मोरावर! मग नुसकान हुनार न्हाय तर काय?" त्यांनी आमची खाती बदलली. संगमेशची नोकरी राहिली. मी टॉवेलांवर सुखी आहे.

तुमचा आज्ञाधारक,
अजिनाथ

ता. क. पत्राचे खरे कारण असे. रविवारी तुम्ही नातेपुत्याला मुलीकडच्यांना भेटणार आहात. मी साहसी नाही, हे तुम्हीच त्यांना सांगावे. माझा धीर होत नाही.

ता. क. दुसरा. काल त्या मुलीचा, सुकन्याचा, फोन आला होता. म्हणाली, "मला धाडसी मान्साची लई भ्या वाटतं. तुमी तसलं न्हाय न्हवं?" मी घाबरून "आहे" म्हणालो. तेव्हा रविवारची वाट पाहू नका, आजच निघा.