सागवानी बंदूक

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मिहिकास,
मामाचे अ. उ. आ.

माझ्या हातातल्या गुंडाळलेल्या चादरीचं टोक मुश्ताकने उचललं, आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. आमच्या कामगार कॅम्पच्या गेटवरचा हा वॉचमन रोज मला सुतारभाई म्हणतो. आज त्याने हात वर करायला सांगितले. मी हसलो. तो हसला नाही.

तुझी बंदूक ऑफिसात कुलपात आहे आणि मी बाहेर बाकावर. मॅनेजर उद्या येणार, तोवर कॅम्प सोडायचा नाही. भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमाची आहे, लाकडाची आहे, असं हिंदीत समजावलं. मुश्ताकने नळीवर बोट वाजवलं. नळी लोखंडी आहे. तू पाठवलेल्या चित्रात तशी दिसली म्हणून पाइप बसवला. दस्ता सागवानी, दरवाजाच्या उरलेल्या तुकड्याचा. चाप कपाटाच्या बिजागरीचा.

माझा व्हिसा याच महिन्यात संपतो. मॅनेजरने तो वाढवायच्या फॉर्मवर सही नाही केली तर अकरा वर्षांनी खलास, लांज्याला परत. रुपालीला एवढ्यात सांगू नकोस. तुझी आई ती, लगेच फोन करते आणि खोलीतले सहा जण ऐकतात. कागदावर लिहून फोटो पाठवायचा, हे तुझं मराठी सुधारावं म्हणून तिने काढलं. मला त्याचा फायदा हाच.

तुझ्यावर माया आहे, काळजी करू नकोस.

सोमनाथमामा


अल बर्शा
रविवार, संध्याकाळ

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. सॉरी. ती रडली नाही. इस्त्री बंद केली आणि मला समोर बसवलं.

तिला सांगितलं तेच तुला लिहिते. फिझा मॅमच्या कागदात एक ओळ होती. बंदूक पुठ्ठ्याची हवी, खरी वाटेल अशी वस्तू कोणी आणायची नाही. मी कागद मराठीत करून तुला पाठवला तेव्हा ती ओळ गाळली. मला पुठ्ठ्याची नको होती. तुझ्या हातची हवी होती.

गुरुवारी आमचा बँड जुनं अमेरिकन रॉक वाजवणार आहे, सत्तर वर्षांपूर्वीचं, तीन कॉर्डचं. अंगात कोट मात्र त्याहून दोनशे वर्षं जुने. तेव्हा तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या आणि गावागावांत मिलिशिया असायची. सोळा ते साठ वयाचे पुरुष, शेतकरी, लोहार, तुझ्यासारखे सुतार. कवायतीच्या दिवशी आपापली बंदूक घरून घेऊन मैदानात यायचं. हुकूम ड्रमवर कळायचे. साठच्या दशकात अमेरिकेत काही बँड असेच कोट घालून रॉक वाजवायचे, हे मॅमना दाखवलं तेव्हा त्यांनी होकार दिला.

आता मॅमना फोन करून ओळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूळ कागद जोडून सकाळीच तुझ्या मॅनेजरला शाळेचं पत्र जाईल, सोमनाथला ती ओळ कळलीच नव्हती असं लिहून. शिक्षा म्हणून सुरुवातीचा ड्रम बँडमधला विहान वाजवेल, मी नाही. चालेल.

तू घाबरू नकोस. मी घाबरले आहे तेवढं दोघांना पुरे.

एवढं करूनही माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी मिहिका


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
सोमवार, १० फेब्रुवारी

चि. मिहिकास,
अ. उ. आ.

सुटलो.

मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. मग नळीला डोळा लावला. नळी मी सागाच्या खुंटीने शेवटपर्यंत भरली होती. पोकळ पाइप हातात हलका लागत होता, ते मला आवडलं नव्हतं. त्याने खिळा घालून पाहिला. लाकूड लागलं. तेव्हा कुठे तो खुर्चीला टेकून बसला. दारातला मुश्ताक अल्हम्दुलिल्ला म्हणाला, जसा काही त्याचाच व्हिसा होता.

मॅनेजर म्हणाला, इथेच तोड. करवत माझीच आणली. चार तुकडे केले. हात अडेल असं वाटलं होतं, अडला नाही. मग त्याने फॉर्मवर सही केली आणि बिजागरी कुठली वापरली ते विचारलं.

तुझ्यावर रागावलो होतो, जेवणापर्यंत. मग भूक लागली आणि राग गेला. यापुढे सगळ्या ओळी लिहीत जा. पुठ्ठा कापायला मला कमीपणा नाही. बुधवारी पुठ्ठ्याची घेऊन येतो, नळी जांभळी रंगवून. तुझ्या हिशोबाने साठीपर्यंत, म्हणजे अजून अठरा वर्षं, मी भरतीत आहे.

रुपालीला म्हणावं, आता फोन कर. खोलीतल्या सहाही जणांना ऐकायचं आहे.

घरी सगळ्यांना नमस्कार. विहानला ड्रम नीट दाखव, तोंड न फुगवता. असाच जीव लावत राहा.

सोमनाथमामा

ता. क. पत्राचा फोटो काढायचा राहिला होता. आज मंगळवार. सकाळी सहाला कंपनीच्या बसने व्हिसाच्या मेडिकलला गेलो. रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला. नऊ वाजता कामावर होतो.