तपासणीचा खर्च कुणाचा

मंगळवार संध्याकाळ, निशी-कसाई, जपान

जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्याकडेच तपासणीचे पैसे मागायचे, ही कुठली रीत? माझी नात सई आज हॉस्पिटलात तपासणी करून बाहेर आली, तर काउंटरवरच्या माणसाने चारचौघांत विम्याचं कार्ड मागितलं. विमा तिच्या बापाच्या, महेशच्या नावावर. कार्ड दाखवलं की खर्चाचा कागद घरी येणार आणि महेशला कळणार. पोरीने त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगेल तिला वाटेल तेव्हा.

मदत केंद्रातल्या मोरीबाईंनी सईला सांगितलं होतं, पोलिसात नाही गेलात तरी हॉस्पिटलचे पैसे सरकार भरतं. मग ह्या माणसाला कुणी कळवलं का नाही? मला जपानी येत नाही. कसली तपासणी, कशासाठी, सगळं सईलाच सांगावं लागलं. आवाज बसलेला तिचा. तो म्हणे, जरा मोठ्याने बोला.

मी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं.

"आजी, तो माणूस चिडेल."

"चिडू दे. त्याच्याशी काय सोयरीक करायचीय?"

कार्ड अजून माझ्या पोलक्यात आहे. चुकलं का माझं? हॉस्पिटलवाले पोरीचं औषधपाणी अडवणार तर नाहीत?

उद्या परत बोलावलंय. सई बाहेर बाकावर बसेल, तोंड उघडणार नाही. मोरीबाईंनी काउंटरवर यायचं आणि विचारतील त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं.