बिनसाखरेच्या न्याहारीची कृती

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही बरे आहोत. ह्यांचं खुब्याचं हाड जुळतंय. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात आणि तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात.

तू न्याहारीची कृती मागितलीस. ‘वहिनी, दहा-बारा दिवसांत दादाची साखर उतरवलीत, आता नणंदेकडेही बघा,’ असं लिहिलंस. बघते.

शंभर ग्रॅम बदाम जाडसर भरड, पीठ करू नकोस. त्यात पन्नास ग्रॅम भोपळ्याच्या बिया, तेवढेच सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, तीन चमचे भरडलेली जवस, चमचाभर दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ. एका अंड्याचा पांढरा भाग फेसून सगळ्याला चोळ. ट्रेमध्ये पातळ पसरून मंद ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं ठेव, मध्ये एकदा हलव. बाहेर काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत हात लावू नकोस. गरम असताना ते मऊच लागतं, मग माणूस उगाच परत भाजायला ठेवतो आणि करपवतो. मध, मनुका काही घालायचं नाही. तीन मोठे चमचे, बिनसाखरेच्या दुधात. वजन काट्यावर कर, तुझ्या अंदाजाने नको.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल संपवलंही होतं, पाकीट चिकटवलं होतं. पण तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ‘मलाही आता दोन वेळा इन्सुलिन लावलंय.’ म्हणून पाकीट फाडलं.

हे ओल्या फरशीवर घसरले असं तुला कळवलं होतं. फरशी कोरडी होती.

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली. एका वेळी एकच बदल करा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, तरच कशाने काय झालं ते कळतं. घरीही तेच केलं. न्याहारी बदलली, इन्सुलिन तेवढंच ठेवलं. आकडे रोज उतरत होते, मी ते वहीत लिहीत होते आणि मनातल्या मनात फुशारत होते. डॉक्टरांना विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं असतं का, शंकाच आहे.

बाराव्या दिवशी, न्याहारीनंतर तासाभराने, हे टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हते. ‘साखर कुठे ठेवलीस?’ म्हणाले. घरातली साखर मी लपवून ठेवली होती. मी म्हटलं, ‘आलात मूळ पदावर.’ थोड्या वेळाने पुन्हा तेच, जड जिभेने. मला वाटलं, माझी चेष्टा चालली आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कपाळावर घाम होता. तो मला दिसला, धाकटे. दिसूनही मी म्हटलं, ‘नाटकं पुरे. तुमच्यापेक्षा लहान मुलं बरी.’ आणि कपडे वाळत घालायला निघून गेले.

मग ते स्वतःच शोधायला उठले. कपाटापाशी पडले.

साखर मोजायच्या मशीनवर जेमतेम अडतीस आकडा आला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘खाणं बदललंत, मग डोस कमी केलात ना?’

शुद्धीवर आल्यावर, पाय घसरला असं ह्यांनीच सगळ्यांना सांगितलं. मी ऐकून घेतलं, आणि तुलाही तेच लिहिलं. आत्ता मला लिहिताना पाहून म्हणाले, ‘कशाला उकरतेस? पायावर ढकललंय ना, पाय काही तक्रार करत नाही.’ मी म्हटलं, ‘ती एकटी राहते.’ मग त्यांनी दुसरं पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

तेव्हा ही कृती आधी तुझ्या डॉक्टरांना दाखव. इन्सुलिन किती घ्यायचं ते त्यांनी सांगेपर्यंत यातला एक चमचाही तोंडात घालायचा नाही. साखर हाताशी ठेव. घाम फुटला, हात थरथरले, तर कुणाला विचारत बसू नकोस, खा. आणि शेजारच्या बाईंकडे घराची किल्ली देऊन ठेव.

तुला माझा राग येईल. यायलाच हवा. तो पत्रातून कळव, फोनवर मी मध्येच बोलते. पण लिहायला बसण्याआधी दवाखान्यात जाऊन ये.

तुझ्या दादाने तीनदा मागूनही न देणारी,
तुझी वहिनी