दोन बेटांमधला चहा

बाबा, तुमच्या नातीचं लग्न ठरलं. आज तांदूळ निवडता निवडता तुमची फार आठवण आली, म्हणून लिहायला बसले.

माझ्यासाठी वरठीचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी मुलाची कारखान्यातली नोकरी पाहिली. तुम्ही फक्त रस्ता पाहिलात. "सकाळी निंगून पोरीच्या घरी च्या प्यावा आन् दिवेलागणीले परत यावं, तितक्याच दूर देईन," म्हणालात आणि आपल्या बपेऱ्याहून सायकल काढलीत. मी ओसरीत बसून वाट पाहतेय. उन्हं उतरतात, तळ्याच्या पाळीवरून गुरं परततात आणि त्यांच्या मागून तुम्ही येता. पायांत उभं राहायचं बळ नाही. आई जवसाचं तेल कोमट करून तुमच्या पोटऱ्या चोळतेय, चिडून विचारतेय, "बस होती ना, सायकल काहून नेली?" तुम्ही डोळे मिटून म्हणता, "बस एखाद्या दिवशी नसन. पाय त राहतेत. जमते, देऊन टाकू."

आता नात सिंगापूरला नोकरी करते आणि तिने पसंत केलेला मुलगा, आपल्या शहापूरचाच, कोलंबोला. लग्नानंतरही काही दिवस दोघं असेच राहणार. तुमचे जावई बिघडले. "नवरा एका बेटावर, बायको दुसऱ्या! मधात समुद्र. हे काय लगन झालं?" मी मुलीला फोनवर तुमचाच प्रश्न विचारला, सकाळी निंगून, च्या पिऊन दिवेलागणीले परत येता येते का? ती म्हणाली, "आई, अंतर पावणेतीन हजार किलोमीटर आहे, पण विमानाले चारच तास लागतेत." ह्यांना ते पटेना. तेव्हा मी तिला तुमच्या सायकलीची गोष्ट सांगितली. तिने ती त्याला सांगितली असणार.

कारण पुढच्याच रविवारी तो सकाळच्या विमानाने तिच्याकडे निघाला. शहरात जाण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तीच थर्मासमध्ये चहा घेऊन विमानतळावर गेली. तिथल्या बाकावर बसून दोघं चहा प्याले आणि तो लगेच परतीच्या विमानात बसला. कोलंबोचं घड्याळ सिंगापूरच्या मागे चालतं. तो घरी पोहोचला तेव्हा तिथे नुकते दिवे लागत होते. त्याने ह्यांना व्हिडिओ कॉल केला. केस विस्कटलेले, डोळे लाल. "काकाजी, पोहोचलो घरी. च्या पिऊन आलो."

ह्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगा येडा आहे." आणि थोड्या वेळाने, "चांगला आहे."

लग्न दिवाळीनंतर, शहापूरला. मग नात मला आधी तिच्या बेटावर नेणार, तिथून माझ्या जावयाच्या. शेजारच्या बाया विचारतात, समुद्रावरून जायची भीती नाही वाटत? मी "वाटते ना" म्हणते. या वयात तसं म्हटलेलं बरं दिसतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, घडी करून माझ्यापाशीच ठेवते. पण तुम्हाला खरं सांगते, बाबा, मले भीती नाही. खिडकीजवळची जागा भेटते का नाही, याचीच काळजी लागली आहे.