पाहुणी घरात असताना

प्रिय बडबडे,

तुझ्या आजीचं पत्र परवा मिळालं. तू आजीकडेच राहायचं की परत काकांकडे, तुझ्या बाबांकडे, जायचं, हे येत्या सोमवारी कोर्टात ठरणार म्हणे. शाळेतल्या साठ पालकांनी काकांच्या बाजूने सह्या केल्यात, हेही तिने लिहिलंय. ते वाचलं आणि हातातला कप मी भिंतीवर फेकून मारला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कपाटच कोसळलं. साठ सह्या! का नाही करणार? वीस वर्षं त्या माणसाने त्यांच्या पोरांची बस चालवली, एकदा कचकन ब्रेक मारला नाही. दुसऱ्यांची पोरं तळहाताच्या फोडासारखी जपली. घरी आल्यावर त्याच तळहाताचं काय व्हायचं, ते त्या साठ जणांना कुठे माहीत आहे! आणि तू चार महिने कुणाशी धड बोलत नाहीस, असं आजी लिहिते. तू! पहिल्याच दिवशी सामान उघडेपर्यंत तू मला अख्ख्या गल्लीची खबर दिली होतीस.

विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत वर्षभर परक्या देशात, परक्या घरी राहायचं म्हणून मी आले, तेव्हा किती घाबरले होते तुला ठाऊक आहे. पण तुझ्या आईने, म्हणजे मावशीने, पहिल्या जेवणालाच माझी खुर्ची काकांच्या शेजारी मांडली आणि वाडगाभर सूप पुढ्यात ठेवून म्हणाली, लाजलीस तर उपाशी राहशील. तुमच्या घरी लाजायला सवडच नव्हती. तुझा वाढदिवस झाला, मग माझा, मग मावशीचा. आणि मग सुरू झाले ते तुमचे अचाट वाढदिवस. मावशीची अक्कलदाढ काढली त्याला एक वर्ष झालं, म्हणून केक. फ्रिज दुरुस्तीशिवाय पाच वर्षं टिकला, म्हणून फ्रिजचा वाढदिवस, त्याच्या दाराला फुगे. तू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रंगीत खडूने गोल काढायचीस आणि महिना संपेपर्यंत पान नुसतं गोवर आल्यासारखं दिसायचं. मावशी दवाखान्याच्या धोबीखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून यायची, पायांना सूज असायची, तरी उभी राहून कोंबडी भाजायची, बटाटे सोलायची. मला म्हणायची, अजून एक घास घे, घाई काय आहे, सावकाश जेव. ताटं उचलून झाल्यावरही मला पत्ते खेळायला बसवून ठेवायची. माझ्या अंगावर चांगलं मूठभर मांस चढलं. मी घरी फोन करून आईला ऐटीत सांगितलं, ह्यांना माझ्यावाचून करमतच नाही.

काकाही टाळ्या वाजवायचे, विनोद सांगायचे. मला पहिला तुकडा भरवायचे. ते घास मी खाल्लेत, हे आठवलं की घशात बोटं घालावीशी वाटतात. मावशी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची. न्हाणीघराच्या दाराला गुडघ्याच्या उंचीवर भोक होतं. एकदा तिच्या कानामागे रक्त सुकलेलं दिसलं, तर म्हणाली, कपाटाचं दार लागलं. दारं, कपाटं, इस्त्र्या, सगळं घर त्या बाईच्या जिवावर उठलं होतं आणि मी दुधखुळी दर वेळी "जपून गं मावशी" म्हणायचे. आता वाटतं, त्या कपाटाच्या दारात त्याची बोटं घालून दार आपटावं. दहाच्या दहा. हळूहळू.

आणि मग मी शहाणपणा केला. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता, चक्क खराखुरा. मी मनाशी ठरवलं, वर्षभर मी ह्या नवराबायकोच्या मधे खुर्ची टाकून बसलेय, आज तरी त्यांना एकान्त द्यावा. माझ्या खर्चाने केक आणला, टेबलावर दोनच ताटं मांडली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, मी आज वाचनालयात बसणार, तिथेच काहीतरी खाईन, आठला येईन. तुलाही चल म्हटलं. तू पोट धरून बसलीस, दुखतंय म्हणालीस. मी तुला नाटकी म्हटलं. मावशीने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. म्हणाली, थांब ना, तू नसलीस की आम्हाला जेवण जात नाही. मला वाटलं, माया. मी हसत हसत हात सोडवून घेतला. काकांनी स्वतः उठून मला दार उघडून दिलं आणि म्हणाले, गुणाची पोर आहेस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आठला मी आले तेव्हा मावशी फरशीवर होती, केक भिंतीवर होता आणि काका हात धुऊन डॉक्टरांना फोन करत होते. फुगे काढताना स्टुलावरून पडली, म्हणाले. स्टूल आडवं पाडून ठेवलेलं होतं. मावशीचा जबडा एका बाजूला सरकला होता, एक डोळा मिटून गेला होता. स्टुलावरून माणूस एकदा पडतं गं, दहादा नाही. दवाखान्यात बाकावर बसून तू मला कानात सांगितलंस, तू घरात असलीस की ते मारत नाहीत, म्हणून आम्ही वाढदिवस काढायचो. मी तोंडावर हात ठेवून रडले, मला काहीच माहीत नव्हतं म्हणाले. तिसऱ्या दिवशी मावशी गेली. काकांनी तुला दाराआड नेलं आणि बाहेर येऊन तूही म्हणालीस, आई स्टुलावरून पडली. मला पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मी आठला आले. आठवड्याभरात योजनेच्या लोकांनी मला विमानात बसवून घरी धाडलं.

दवाखान्यात मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या संध्याकाळी मी चष्मा विसरले होते. साडेसहाला परत आले, जिना चढले, बेलवर बोट ठेवलं आणि आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग ताटं. मग काकांचा आवाज, कधी न ऐकलेला, शिव्या मोजून मोजून दिल्यासारखा. मग भिंतीवर काहीतरी आपटायला लागलं. एक, दोन, तीन. मऊ आणि जड. आणि मधल्या एका उसंतीत मावशी मोठ्याने म्हणाली, "थांबा, पाहुणी येईल आता." त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. कोंबडी, फुगे, अक्कलदाढ, सगळं. ती परत तेच म्हणाली. तिसऱ्यांदा तिला "पाहुणी" एवढंच म्हणता आलं. मी आवाज न करता जिना उतरले आणि आठ वाजेपर्यंत वाचनालयात उघडं पुस्तक पुढे घेऊन बसले.

आजी लिहिते, चार महिन्यांत तू एवढंच म्हणालीस की मी न्हाणीघरात कडी लावून बसले. म्हणून हे पत्र. वेडे, तुला आत ढकलून कडी लाव असं मावशीनेच सांगितलं असणार, माझी खात्री आहे, आणि तू ऐकलंस म्हणून आज आहेस. दाराबाहेर मी होते, धडधाकट, बेलवर बोट ठेवून. आईला मी कालच सगळं सांगितलं, तिने तिकीट काढलंय. सोमवारी मी येतेय. साडेसहाला मी दारात होते, हे मी कोर्टात सांगणार, एकेका आवाजासकट. काकांचा वकील म्हणेल, खाल्ल्या घरचे वासे मोजतेय. म्हणू दे. मग तो विचारेल, सगळं ऐकलंस तर बेल का नाही वाजवलीस? त्याचं उत्तर तिथे चारचौघांत पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून आधी तुला लिहितेय. मी घाबरले म्हणून नाही. ते मला हात लावणार नाहीत, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. मला फक्त अवघडल्यासारखं झालं गं. वाटलं, त्यांच्या घरातली गोष्ट आहे, अशा वेळी पाहुण्याने मधे जाणं बरं दिसत नाही.

सोमवारनंतरही म्हणू दिलंस तर तुझीच,
पाहुणीताई