सिलेदाराच्या घरात पेपर स्प्रे

२० सप्टेंबर, शनिवार

स्मृतीला नोकरी लागली. गोकुलमच्या एका योगशाळेत, रिसेप्शनला. तिथली परदेशी मंडळी सूर्याच्या आधी उठून घाम गाळतात, म्हणून हिलाही काळोखात निघावं लागणार. नोकरीला माझी हरकत नाही. हरकत आहे तिने पर्समधून काढून दाखवलेल्या लाल डबीला. पेपर स्प्रे. ऑनलाइन मागवला अप्पा, म्हणाली. जशी लिपस्टिक मागवावी.

मी स्पष्ट सांगितलं, सिव्हिलियन माणसाच्या हाती शस्त्र नको. शिस्त नसते. वनजाने भाजी चिरता चिरता, कानडी ‘अहो’ लावून विचारलं, मग तुम्ही कोण री? म्हटलं, आपण सिव्हिलियन नव्हे. पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात सिलेदार होते. ती म्हणाली, घोडा गेला, झेरॉक्स आली.

(झेरॉक्स नव्हे, बाइंडिंग. युनिव्हर्सिटीचे प्रबंध मी बांधतो, आणि बांधण्याआधी वाचतो. कॉलेजात पाऊल न टाकता इतके विषय वाचून झालेला माणूस जयलक्ष्मीपुरममध्ये दुसरा नाही.)

निर्णय: डबी दसऱ्यापर्यंत माझ्या कपाटात. आयुधपूजा झाल्याशिवाय नवं शस्त्र वापरायचं नाही, ही आमच्या घरची रीत. तोवर सोबतीला मी.

स्मृती म्हणाली, बरं. पण दसऱ्याला डबी मिळाली नाही, तर मी गोकुलमलाच मैत्रिणीच्या खोलीवर राहायला जाते. हसत म्हणाली. आईसारखं हसते. वनजा तसं हसून जे म्हणते ते करतेच.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. जाग आली तेव्हा उन्हं स्वयंपाकघरात. फोनचा गजर वीणेचा ठेवला होता. वीणेने कोण उठतं? उद्यापासून बिगुल.

संध्याकाळी सदाशिवराव आले. वनजाचे थोरले भाऊ, इथल्याच विजयनगर भागात असतात, आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. दसऱ्यानंतरच्या रविवारी स्नेहमेळावा, भाषणाला कोणी मिळत नाही म्हणाले. मी विषयही लगेच दिला: ‘सामान्य नागरिकाने पेपर स्प्रे बाळगावा काय?’ उत्तर अर्थात ‘नाही’. ते म्हणाले, भावजी, जेवणाआधी आहे, थोडक्यात आटपा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बिगुल उत्तम वाजला. शेजारीही उठले.

स्मृती तिच्या स्कूटरवर पुढे, मी माझ्या स्कूटरवर मागे, पायाशी काठी. गोकुलमच्या वळणावर कुत्री धावून आली. नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, ती स्मृतीच्या मागे लागली नाहीत, माझ्या लागली. म्हणजे योजना सफल. शत्रूचं लक्ष मी वेधून घेतलं. काठी पडली. स्मृतीने परत येऊन नुसतं हॅट म्हटलं, आणि ती शेपट्या हलवत गेली. अप्पा, तुम्ही उद्या सुम्ने झोपा, म्हणाली. मुलीने गप्प झोपायला सांगावं, हे दिवस आले.

२४ सप्टेंबर, बुधवार

झोपलो. कंबर. काठी उचलताना लचकली असावी.

२७ सप्टेंबर, शनिवार

हट्ट सोडून विचार केला. मुलगी घर सोडून जाण्यापेक्षा प्रशिक्षित होऊन घरी राहिलेली बरी. पूजेनंतर डबी द्यायची, पण परीक्षा घेऊन. भाषणात दुरुस्ती: ‘नाही’ ऐवजी ‘प्रशिक्षणाशिवाय नाही’. प्रशिक्षक मी.

गच्चीवर पहिला वर्ग. डबीऐवजी इस्त्रीची पाण्याची बाटली. वाऱ्यावरचा एक अख्खा प्रबंध मी मागे बांधलाय, तेव्हा वाऱ्याची दिशा हा विषय सविस्तर घेतला. बोट ओलं करून वर धरलं, शत्रू पूर्वेला उभा केला (वनजा), फवारा मारला. सगळं पाणी माझ्या चष्म्यावर. गच्चीवर वारा फसवा असतो. स्मृतीने विचारलं, डबीवर काय लिहिलंय ते वाचलंत का? म्हटलं, बारीक अक्षर हे ज्याला मुळातलं ज्ञान नाही त्याच्यासाठी असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

(हे संध्याकाळी लिहितोय, एका डोळ्याने.)

मांडणी निर्दोष होती. पाटावर पणजोबांची तलवार, दुकानातला कागद कापायचा सुरा, वनजाची विळी, आणि मधोमध लाल डबी. सदाशिवराव जेवायला आलेले.

आमच्याकडे शस्त्र म्यानात ठेवून पूजत नाहीत. उघडं ठेवतात, नाहीतर देवीपासून लपवल्यासारखं होतं. सदाशिवरावांच्या घरी तलवार म्यानासकट पूजतात; ती चूक मी नेहमीच दाखवून देतो. तेव्हा टोपण काढलं. लॉक हेही एक म्यानच, म्हणून तेही फिरवलं. आता तोंड कुठे करायचं? देवीकडे शस्त्र रोखणं हा अपमान. पाहुण्यांकडे रोखणं असभ्य. उरलो मी.

तलवारीला कुंकू लावलं. सुऱ्याला लावलं. विळीला लावलं. डबीच्या माथ्यावर अंगठ्याने, जरा दाबून, कारण कुंकू नीट उमटलं पाहिजे.

पुढचं क्रमवार आठवत नाही. पंखा पूर्ण वेगात होता एवढं नक्की. वनजा खोकत अंगणात, सदाशिवराव खोकत रस्त्यावर. तिथून ओरडले, भावजी, शत्रू कुठे आहे तेवढं सांगा, मी धरून ठेवतो.

स्मृती तोंडाला ओढणी बांधून आत आली. पंखा बंद, खिडक्या उघड्या, मला नळाखाली बसवलं. चोळू नका अप्पा, पापण्या मिटा-उघडा, म्हणाली. हात माझ्या डोक्यावरून काढला नाही. हे सगळं कुठे शिकलीस विचारलं. डबीवर लिहिलंय, म्हणाली.

एक सांगितलंच पाहिजे: शस्त्र अस्सल आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

जंबूसवारीची मिरवणूक टीव्हीवर ऐकली. हत्ती बरे चालले असावेत.

परीक्षा रद्द. डबी स्मृतीने स्वतःच पर्समध्ये टाकली. मैत्रिणीच्या खोलीचं काय, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, आता कशी जाऊ? तुमच्याकडे लक्ष कोण देणार?

५ ऑक्टोबर, रविवार

डोळा उघडला, आवाज मात्र खोकून बसलेलाच. भाषण माझ्याऐवजी स्मृतीने वाचलं. माझाच मसुदा. पुढच्या रांगेतून ऐकला, चांगला वाटला. फक्त शेवट बदललेला. ती म्हणाली, सामान्य नागरिकाने पेपर स्प्रे जरूर बाळगावा. अट एकच, घरातल्या सिलेदाराच्या हाती लागू देऊ नये.

हे वाक्य मसुद्यात नव्हतं. टाळ्या त्यालाच पडल्या. वनजाच्या सर्वांत जास्त.

शांतपणे विचार केला. भुकेल्या लोकांसमोर सखोल विषय नेणं चूकच. असो. घरात माझी भूमिका अजून आहे. उद्यापासून पहाटे उठून स्मृतीला गेट मी उघडून देणार, आणि तिची स्कूटर वळणाआड जाईपर्यंत उभा राहणार. एवढं तर सिव्हिलियनही करतो. गजर लावला. बिगुल.

६ ऑक्टोबर, सोमवार

बिगुल वाजला म्हणतात. बंदही मीच केला म्हणतात.

स्मृती गेली. गेट नीट लावून गेली.