त्रुटी निरंक

५ नोव्हेंबर, सकाळ
वृषाली ट्रेनिंगला सोलापूरला गेली. तेराला येणार. लॅपटॉप घरीच ठेवलाय, कारण तो चालू होता होता निळा पडतो आणि रडकं तोंड दाखवतो. जाताना म्हणाली, अप्पा, आल्यावर मी दुकानात दाखवते, तोवर हात लावू नका. पाच वर्षांचा प्रबंध आहे त्यात. जळकोटच्या आसपासच्या अठ्ठावीस म्हाताऱ्या माणसांचं कन्नडमिश्रित बोलणं रेकॉर्ड केलंय. आमच्या आईचंही आहे. आईला जाऊन दोन वर्षं झाली. वीस तारखेला सादर करायचाय.

एकतीस वर्षं पंचायत समितीत मी दुसऱ्यांच्या फायलींतल्या त्रुटी काढल्या. एरर म्हणजे तरी काय, त्रुटीच. लेक यायच्या आत दुरुस्त करून ठेवतो. नवी वही काढली, 'त्रुटी नोंदवही'. शेवटी 'निरंक' लिहायचं, म्हणजे एकही शिल्लक नाही.

६ नोव्हेंबर, ११.१५
निळा पडदा. 'युवर पीसी रॅन इन्टू अ प्रॉब्लेम.' कोणता प्रॉब्लेम, ते नाही. इतकं मोघम मी लिहिलं असतं तर साहेबांनी फाईल अंगावर फेकली असती. बंद करून फडक्यानं पुसला. चालू केला. निळा गेला! त्रुटी क्र. १ निकाली. दुकानवाले उगाच लोकांना लुबाडतात.

११.४०
पासवर्ड मागतोय. त्रुटी क्र. २.

७ नोव्हेंबर
पासवर्ड विसरला तर तीन प्रश्न विचारतो. पहिल्या कुत्र्याचं नाव, लाडाचं नाव, जन्मगाव. बापाला येणार नाही तर कुणाला? करिया, चिन्नी, धाराशिव. चूक म्हणाला. तिन्हींतलं कोणतं, ते सांगत नाही.

बायकोला, नीलम्माला विचारलं. कुत्रं करियाच व्हतं म्हणाली. वर, पोरगी उस्मानाबादच्या दवाखान्यात झाली अन् तुमी तवा ऑडिट ऑडिट करत बसला व्हता, हेही ऐकवलं. म्हटलं, धाराशिव म्हण. शासनाचा निर्णय झाला म्हणजे झाला. रिटायर व्हायच्या आधी ऑफिसचा नवा रबरी शिक्का मीच करून आणला होता.

८ नोव्हेंबर
चिन्नीचं स्पेलिंग अकरा तऱ्हांनी टाकलं. करियाचंही. धाराशिवला हात लावला नाही, ते एकच उत्तर पक्कं आहे. लॅपटॉप म्हणतो, नंतर प्रयत्न करा. म्हणजे 'उद्या या'. हे मी लोकांना आयुष्यभर सांगितलंय, त्यामुळे राग आला नाही.

९ नोव्हेंबर
यूट्यूबवरचा एक जण हिंदीत सांगतो, पेनड्राइव्हवर विंडोज घ्या आणि नव्यानं टाका, सगळे एरर जातात. वृषालीच्या कपाटात पेनड्राइव्ह सापडला. पाकिटावर 'बॅकअप' लिहिलेलं, म्हणजे जादाचाच. हायवेवर श्रीमंतचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्याकडून विंडोज भरून आणलं. यात काय हाय का काका, समदं पुसलं जाईल, असं त्यानं दोनदा विचारलं. म्हटलं, जादाचा आहे, भर तू.

१० नोव्हेंबर
वृषालीचा फोन. कपाटातला पेनड्राइव्ह तेवढा जपा म्हणाली. जपलाय म्हणालो. खिशातच होता.

११ नोव्हेंबर, दुपारी १
पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉप विचारतो, फॉरमॅट करायचं का? माझी हयात विहित नमुन्यात अर्ज घेण्यात गेली. साध्या कागदावरचा अर्ज मी कधी स्वीकारला नाही. पोरीनं फायली कशाही ठेवल्या असणार, एकदा सगळं फॉरमॅटमध्ये बसलं की चुका राहतीलच कशा? नीलम्मा म्हणाली, दाबू नगा, आदी पोरीला इचारा. म्हटलं, फॉरमॅट म्हणजे काय, तुला माहीत आहे का? मलाही क्षणभर वाटलं, एक फोन करावा. पण मग सरप्राइज कसलं. यस दाबलं.

२.३०
जिंकलो! पासवर्ड नाही, रडकं तोंड नाही. 'हाय' म्हणाला. फायली अजून दिसत नाहीत. नमुन्यात लावत असेल.

१२ नोव्हेंबर
अजून लागल्या नाहीत. कचऱ्याच्या डब्यातही पाहिलं, रिकामा. श्रीमंतला सहज फोन करून विचारलं, फॉरमॅट म्हणजे नेमकं काय रे? समदं पुसणं, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, काका, काय केलंत हे?

१३ नोव्हेंबर
वृषाली आली. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन तशीच दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, दोन्हींतलं काही परत येत नाही. घरी येऊन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, जन्मगाव काय टाकलं होतं? म्हटलं, धाराशिव. म्हणाली, अप्पा, मी लॅपटॉप घेतला तेव्हा उस्मानाबादच होतं की. नीलम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

१४ नोव्हेंबर
वृषाली अठ्ठावीस नावं लिहून खुणा करत बसली. सतरा जण हयात आहेत. त्यांच्याकडे परत जाणार. वीस तारीख गेलीच. आईच्या नावापाशी पेन थांबलं. मला म्हणाली, आजी तुम्हाला जेवायला हाक कशी मारायची, तिच्याच बोलीत सांगा, लिहून घेते.

दुपारभर आठवत बसलो. 'ऊटा' म्हणजे जेवण, एवढा एकच शब्द आला. त्याच्या मागचं पुढचं काही येईना. आई पन्नास वर्षं रोज हाक मारायची. वृषालीनं तो एक शब्द लिहून घेतला आणि वही मिटली.

लॅपटॉप छान चालतोय. नोंदवही बंद केली.
त्रुटी निरंक.